पाच शिलिंगांचा गळफास

चार शिलिंग दहा पेन्स. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये, ओल्ड बेलीच्या न्यायालयात, चोरीच्या मालाची हीच किंमत इतक्या वेळा ठरते की वाचणाऱ्याला शंका यावी. शहरभरच्या चोरांच्या हाती नेमका एवढ्याच किमतीचा माल कसा लागत असे? उत्तर १६९९ च्या एका कायद्यात आहे. दुकानातून, गोदामातून किंवा तबेल्यातून पाच शिलिंग वा त्याहून जास्त किमतीचा माल गुपचूप उचलला तर फाशी. त्याहून कमी किमतीचा असेल तर जीव वाचला. डागून घ्यायचं, आणि १७१८ नंतर बहुधा सात वर्षं अमेरिकेतल्या वसाहतीत राबायचं. तेव्हा ज्युरीचे बारा जण शपथेवर सांगत की हे रेशीम चार शिलिंग दहा पेन्सचंच आहे. दुकानदाराने त्याच रेशमाची किंमत थोड्या वेळापूर्वी वीस शिलिंग सांगितलेली असे. न्यायाधीशालाही सगळं दिसत असे आणि तो मान डोलवत असे. कायदेपंडित ब्लॅकस्टोन या प्रकाराला चक्क पुण्यशील खोटी शपथ म्हणून मोकळा झाला.

असे उंबरठे आणखी होते. बारा पेन्सच्या, म्हणजे एका शिलिंगाच्या आतली चोरी किरकोळ; तिला फटके. म्हणून 'दहा पेन्स' हाही ज्युरीचा लाडका आकडा. १७१३ पासून राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी म्हणजे फाशी. म्हणून मग एकोणचाळीस शिलिंग. खिसा मारून शिलिंगाच्या वरचा ऐवज काढला तर १५६५ पासून फाशीच.

हिशेब डोक्यात बसावा म्हणून सांगतो. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, एकवीस शिलिंगांची गिनी. लंडनमधला साधा मजूर आठवड्याला दहा शिलिंगांच्या आसपास कमवे. म्हणजे गळफासाची किंमत त्याच्या तीन दिवसांच्या रोजाइतकी. सोन्याचांदीची गोष्ट सोडा, एक बरा झगा किंवा काही वार लेस पाच शिलिंगांच्या सहज पुढे जाई.

या शहराची गुन्हेगारी समजून घ्यायची तर खुनांपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. १७०० साली लंडनची वस्ती साडेपाच लाखांच्या वर होती. खून होत, त्यांची पत्रकं खपत, पण रोजचं जगणं त्यांच्यावर चालत नव्हतं. रोजचं जगणं चालत होतं कापडावर. ओल्ड बेलीच्या खटल्यांचे छापील वृत्तांत १६७४ पासून निघू लागले. त्यांत चोरीला जाणाऱ्या वस्तू पाहा: चादरी, सदरे, पेटीकोट, मोजे, विग, हातरुमाल, लेस. कापड हेच गरिबाचं बँकखातं होतं. सोमवारी झगा गहाण टाकायचा, शनिवारी पगार झाला की सोडवायचा. त्यामुळे चोरलेलं कापड खपवायला अक्कल लागत नसे. रोझमेरी लेनवर जुन्या कपड्यांचा बाजार भरे, मॉन्मथ स्ट्रीटवर जुन्या कपड्यांची दुकानं होती, गहाणवटदार गल्लोगल्ली होते. कुणी फारसं विचारत नसे.

दुकानातली चोरी कशी होत असे, ते जरा जवळून पाहू, कारण कायद्याचा एक भलताच बारकावा तिथे आहे. दुकानं लहान, उजेड बेताचा, माल मांडणीत नाही तर फळ्यांवर आणि डब्यांत. गिऱ्हाईक मागेल तसं मालकीण काढून गल्ल्यापुढच्या फळीवर पसरवी. चोर बहुधा दोघं येत, त्यात एक तरी बाई. अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ओल्ड बेलीच्या आरोपींत बायकांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं, आणि दुकानातल्या चोरीत त्या ठळक दिसतात. एकीने हे दाखवा, ते दाखवा करायचं. हे फार रुंद, ते फार महाग. फळीवर ढीग वाढला की दुसरीने एक गुंडाळी डगल्याखाली किंवा पेटीकोटाच्या घडीत सरकवायची. मग एखादी स्वस्तातली वस्तू विकत घेऊन निघायचं. फसत कुठे? मालकिणीची मुलगी किंवा दुकानातला पोऱ्या आतल्या खोलीतून पाहत असे. कधी गुंडाळी चालताना खाली घसरे. कधी दुकानदार तिसऱ्या दिवशी गहाणवटदाराकडे जाऊन आपली खूण ओळखे.

आणि बारकावा हा: कायद्यात शब्द होता 'गुपचूप'. चोरी होताना कुणी पाहिली असेल तर ती गुपचूप झाली नाही. मग फाशीचं कलम लागत नाही. म्हणजे ज्या दुकानदाराने डोळ्यांदेखत चोर पकडला, त्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आणि शिक्षा सगळ्यात सौम्य! खिसेकापूचंही तसंच. हात खिशात गेलेला मालकाला कळला तर ती गुपचूप चोरी नव्हे. मात्र धक्का देऊन, धमकावून तोच रुमाल ओढला तर तो दरोडा. मग किमतीचा प्रश्नच उरत नाही, दोन पेन्ससाठीही फाशी. जुन्या चोरांना हे सगळं तोंडपाठ असणार. वकील ठेवायची ऐपत नव्हती, आणि असती तरी १७३० च्या दशकापर्यंत अशा खटल्यांत आरोपीच्या वकिलाला साक्षीदारांची उलटतपासणीही घेऊ देत नसत.

आता याच यादीत मारहाणीचा भाव पाहा. रस्त्यात कुणाचं डोकं फोडलं, दात पाडले, शेजारणीला जिन्यावरून ढकललं, तर तो किरकोळ गुन्हा. तो ओल्ड बेलीत जातच नसे. लंडनला लागून असलेल्या मिडलसेक्स जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात जाई, आणि तिथे दंड बहुतेक वेळा तीन शिलिंग चार पेन्स किंवा त्याहूनही कमी. यामागे निर्दयपणा नव्हता, व्यवहार होता. दंड ठरायच्या आधी बाहेर तडजोड झालेली असे. मार खाणाऱ्याला औषधाचे पैसे आणि माफी मिळालेली असे, न्यायालयाने फक्त शिक्का मारायचा. त्याहूनही वरचेवर वापरलेला रस्ता म्हणजे मुचलका. दंडाधिकाऱ्याकडे जायचं, शिलिंगभर मोजून वॉरंट लिहून घ्यायचं आणि समोरच्याला शांतता राखण्याच्या हमीवर, जामीनदारांसह, बांधून टाकायचं. बायका नवऱ्यांविरुद्धही हे करत. नवऱ्याने बायकोला 'माफक' मारावं की नाही यावर कायदा गुळमुळीत होता. मुचलका तेवढा लगेच मिळे. मिडलसेक्समधले काही दंडाधिकारी अशा फीवरच पोट भरत. भांडण जितकं वाढेल तितकं त्यांचं भलं, आणि लोक त्यांची 'व्यापारी न्यायाधीश' म्हणून कुचेष्टा करत.

पुरुषांच्या मारामारीला तर नियम होते. दारूच्या गुत्त्यात शब्दाला शब्द लागला की दोघं बाहेर येत, सदरे उतरवत, हातात हात देत. बघे रिंगण करत. पडलेल्याला मारायचं नाही, हत्यार काढायचं नाही, 'पुरे' म्हटलं की थांबायचं. हे सगळं आपल्याला इतकं तपशिलात कळतं, कारण यातला एखादा मरे आणि खटल्यात प्रत्येक साक्षीदार शपथेवर सांगे, लढत चोख होती. चोख ठरली की तो खून नव्हे, मनुष्यवध. शिक्षा हाताच्या अंगठ्यावर डाग. निशस्त्र माणसाला भोसकलं आणि तो सहा महिन्यांत मेला, तर मात्र १६०४ च्या कायद्याने ही सवलत नव्हती. म्हणून भांडणात सुरी कुणी आधी काढली यावर तासन्‌तास खल होई. एरवीचे खटले अर्ध्या तासाच्या आत उरकत.

मारहाण आणि कापड ही दोन्ही सूत्रं एकदा अशी एकत्र आली की ती हकिकत आपल्या वाचकाने मुद्दाम वाचावी. १७१९ चा उन्हाळा. स्पिटलफील्ड्सचे रेशीम विणकर बेकार झाले होते, आणि त्यांच्या मते दोष होता हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील सुती कापडाचा. ईस्ट इंडिया कंपनीने आणलेलं ते हलकं, धुतलं तरी रंग न सोडणारं कापड लंडनच्या बायकांना आवडलं होतं; मोलकरणीपासून मालकिणीपर्यंत सगळ्याच नेसत. विणकरांच्या टोळ्या रस्त्यावर उतरल्या आणि असा झगा घातलेली बाई दिसली की तिच्या अंगावरून तो फाडू लागल्या. काहींनी शाई फेकली, काहींनी नायट्रिक ॲसिड. सैनिक बोलवावे लागले. काही विणकर पकडले गेले, पण पार्लमेंटने १७२१ साली कायदा केला तो विणकरांच्या बाजूने: १७२२ च्या नाताळापासून छापील सुती कापड नेसणं, वापरणं बंद. रस्त्यावरची दांडगाई वर्षा-दोन वर्षांत कायदा झाली. ज्या बायकांचे झगे भर रस्त्यात फाटले, त्यांच्या भरपाईचं त्यात कलम नाही.

चोरी झाली, आता पुढे काय? पोलीस नव्हते. परगण्याचा कॉन्स्टेबल होता, तो म्हणजे वर्षभरासाठी पाळी आलेला एखादा बेकरीवाला किंवा सुतार, बिनपगारी. ऐपत असली तर पैसे देऊन बदली माणूस नेमणारा. रात्री काठी-कंदील घेतलेले रखवालदार तास ओरडत फिरत. तास ओरडण्यात एक गोम होती. रखवालदार कुठल्या कोपऱ्यावर आहे हे चोराला आयतं कळे. १७३५ पासून वेस्टमिन्स्टरच्या श्रीमंत परगण्यांनी कर लावून पगारी गस्त उभी केली आणि १७३६ मध्ये सिटीने, म्हणजे लंडनच्या जुन्या मध्यवर्ती भागाच्या कारभाराने, रात्रभर दिवे पेटते ठेवण्याचा कायदा करून घेतला. फरक पडला, पण फरक रस्त्यावर पडला, दुकानात नाही.

बाकी सगळं फिर्यादीच्या डोक्यावर. 'चोर, चोर' ओरडायचं, लोकांनी धरून दिला तर दंडाधिकाऱ्याकडे न्यायचा. आरोपपत्र लिहून घ्यायचे पैसे द्यायचे, साक्षीदारांना आणायचं, त्यांच्या बुडालेल्या रोजाचं बघायचं, आणि वर्षातून आठदा भरणाऱ्या सत्राची वाट पाहत कचेरीत ताटकळायचं. साध्या खटल्यालाही दहा-वीस शिलिंग सहज जात. सहा शिलिंगांच्या लेससाठी वीस शिलिंग कोण घालवील? त्यातही चोर फाशी गेला तर शेजारी नावं ठेवणार. गरीब फिर्यादीला खर्च मिळण्याची सोय १७५२ मध्ये झाली, तीही आरोपी दोषी ठरला तरच. म्हणून बहुतेक दुकानदार वर्तमानपत्रात जाहिरात देत: अमुक वस्तू 'हरवली' आहे, आणून देणाऱ्याला इतक्या गिनी, काहीही विचारलं जाणार नाही.

या शेवटच्या चार शब्दांवर जोनाथन वाइल्डने साम्राज्य उभारलं. मूळचा वुल्व्हरहॅम्प्टनचा, कर्जापायी वुड स्ट्रीटच्या तुरुंगात काही वर्षं काढली आणि तिथेच लंडनचे चोर त्याच्या ओळखीचे झाले. त्याची युक्ती म्हटली तर साधी. चोरीचा माल विकत घेणं गुन्हा आहे ना? मग माल हातात घ्यायचाच नाही. चोरांनी माल कुठे ठेवला एवढंच कळवायचं. ज्याचा माल गेला तो वाइल्डच्या कचेरीत येणार. वाइल्ड वहीत नोंद करणार आणि 'चौकशी करतो' म्हणणार. दोन दिवसांनी माल परत. गहाणवटदार चोराला किमतीचा लहानसा हिस्सा देई, मूळ मालक त्याहून पुष्कळ जास्त द्यायला तयार असे. पत्रं, हिशेबाच्या वह्या, घरातलं जुनं घड्याळ, ज्यांना बाजारात किंमत नाही पण मालकाला हव्यात अशा वस्तूंवर तर वाइल्डशिवाय कुणाला पैसे मिळालेच नसते. चोराला जास्त पैसे, मालकाला माल, वाइल्डला मधला तुकडा. आणि जो चोर ऐकणार नाही त्याला वाइल्ड स्वतः पकडून फासावर पाठवी, त्याचं सरकारी बक्षीस वेगळं. स्वतःला तो 'ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडचा चोरपकड्यांचा सेनापती' म्हणवून घेई. कुंपणानेच शेत खावं, आणि गावाने कुंपणाची तारीफ करावी.

१७१८ च्या कायद्यात त्याच्यासाठीच म्हणावं असं कलम घातलं गेलं: चोर पकडून न देता चोरीचा माल परत मिळवून देण्याबद्दल पैसे घेतले, तर घेणाऱ्याला मूळ चोराइतकीच शिक्षा. (ही कल्पना पुढे आपल्याकडेही आली. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम २१५ हेच सांगतं. आता ते भारतीय न्याय संहितेत २५२ आहे. शिक्षा मात्र दोन वर्षांपर्यंतची.) कलम येऊनही वाइल्ड सहा-सात वर्षं निर्धास्त होता. फक्त पैसे घेण्याची रीत त्याने बदलली.

त्याचा शेवट ज्या चोरीने झाला ती २२ जानेवारी १७२५ ची. होबर्न पुलाजवळ कॅथरीन स्टेथम नावाच्या बाईचं फ्लँडर्सच्या उंची लेसचं दुकान होतं. तिला नीट दिसत नसे. हेन्री केली आणि मार्गारेट मर्फी आत गेले, वाइल्ड बाहेर थांबला. लेस दाखवा म्हणाले. कुठली पसंत पडेना. बाई आणखी माल आणायला माडीवर गेली तशी केलीने लेसचा एक पत्र्याचा डबा मर्फीच्या हाती दिला, तिने तो डगल्याखाली घेतला. डब्यात अकरा तुकडे निघाले. आरोपपत्रात पन्नास वार, किंमत चाळीस पौंड. वाइल्डने विचारलं, रोख हवेत की जाहिरात येईपर्यंत थांबता? दोघंही कडकीत होते, रोख म्हणाले. तीन गिनी आणि चार सोन्याच्या मोहरा मिळाल्या.

स्टेथमबाई त्याच संध्याकाळी मदत मागायला कुठे गेली? वाइल्डच्या घरी! तो भेटला नाही. मग तिने पंधरा गिनींची जाहिरात दिली. मार्चपर्यंत वाइल्ड दुसऱ्याच भानगडीत न्यूगेट तुरुंगात जाऊन पडला होता, पण धंदा चालूच. १० मार्चला त्याने तिला तुरुंगात बोलावलं आणि दहा गिनी घेऊन यायला सांगितलं. ते पैसे हमालामार्फत गेले, डबा परत आला, एक तुकडा कमी. बाईने विचारलं, तुमच्या त्रासाबद्दल काय देऊ? दमडीही नको म्हणाला.

मे महिन्यात खटला उभा राहिला तेव्हा केली आणि मर्फी त्याच्याच विरुद्ध साक्षीला आले. वाइल्डने ज्युरीत एक छापील यादी वाटली: आपण पकडून दिलेले ३५ वाटमारे, २२ घरफोडे, शिक्षा मोडून वसाहतीतून परतलेले १०. दुकानात त्याने पाऊल ठेवलं नव्हतं, म्हणून चोरीच्या आरोपातून तो सुटला. दहा गिनींच्या आरोपात अडकला. त्या गिनी त्याच्या हाताला लागल्या नव्हत्या. एवढी खबरदारी पूर्वी पुरली असती. २४ मे १७२५ ला त्याला टायबर्नला फाशी दिलं. आदल्या रात्री त्याने अफूचा अर्क पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता, त्या गुंगीतच गाडीत बसवून नेलं.

वाइल्ड गेला, बक्षीस राहिलं. माझ्या मते खरं विष तिथे होतं. १६९२ च्या कायद्याने वाटमाऱ्याला शिक्षा होईल असा पुरावा देणाऱ्याला चाळीस पौंड, शिवाय त्याचा घोडा आणि हत्यारं. पुढे घरफोड्यांवर, नाणी पाडणाऱ्यांवर तितकंच. १७२० साली लंडनचे रस्तेसुद्धा महामार्गात मोजायचं ठरलं, आणि चेरिंग क्रॉसपासून पाच मैलांच्या आतल्या दरोड्याला आणखी शंभर पौंड जाहीर झाले. एका माणसाच्या गळ्याचे एकशे चाळीस पौंड. मजुराची पाच वर्षांची कमाई! त्यात अट एकच: शिक्षा झाली पाहिजे. सुटका झाली तर छदाम नाही.

याचा जो अर्थ निघायचा तो स्टीफन मॅकडॅनियलच्या टोळीने काढला. दरोडेखोर शोधण्यापेक्षा घडवणं सोपं. टोळीतला एक जण भुकेल्या, बेकार पोरांना हेरून 'चल, सोपं काम आहे' म्हणे. ठरलेल्या जागी टोळीतलाच दुसरा जण वाटसरू बनून लुटला जाई. तिसरा चोरीचा माल विकत घेई, चौथा चोरपकड्या बनून पोरांना धरे. सगळ्यांच्या साक्षी जुळत, कारण त्या आधीच जुळवलेल्या असत. आणि पोरांना सामील करणारा? तो 'पळून गेलेला' असे. १७५४ मध्ये डेप्टफर्डजवळ केली (वाइल्डच्या खटल्यातला नव्हे) आणि एलिस नावाच्या दोघांना त्यांनी असंच अडकवलं. पण ब्लॅकहीथचा मुख्य कॉन्स्टेबल जोसेफ कॉक्स याला संशय आला. त्याने पोरांना सामील करणारा तो 'पळालेला' माणूस गाठला, बोलता केला आणि पोरांना दोषी ठरवल्यावर लगोलग सगळी टोळी धरली. याच टोळीने आधी अडकवलेल्या जोशुआ किडनच्या वाट्याला असा कुणी आला नव्हता. तो त्याच वर्षी फेब्रुवारीत फासावर गेला होता.

आता यांच्यावर आरोप कोणता लावायचा? दरोड्याचा म्हणावा तर लुटला गेलेला माणूस स्वखुशीने लुटला गेला होता. मग दरोडा झालाच नाही, आणि दरोडा नाही तर साथीदारही नाहीत. बराच काथ्याकूट होऊन न्यायाधीशांनी तेच ठरवलं. शेवटी कटाचा खटला चालला: सात वर्षं तुरुंग आणि दोनदा खोड्यात उभं राहणं. मार्च १७५६ मध्ये टोळीतल्या ईगन आणि सॅल्मन यांना स्मिथफील्डमध्ये उभं केलं. डोकं आणि हात फळीत अडकलेले. जमावाने दगडांचा वर्षाव केला, ईगन तिथेच मेला. नंतर किडनच्या खुनाचा खटलाही झाला, ज्युरीने दोषी ठरवलं. पण खोट्या साक्षीने फाशी घडवून आणणं हा खून होतो का, या मुद्द्यावर शिक्षा अडली ती अडलीच.

बक्षिसाला कुणी हात लावला नाही. १८१६ मध्ये लंडनच्या बो स्ट्रीट दंडाधिकारी कचेरीच्याच गस्तीतला जॉर्ज व्हॉन नावाचा शिपाई नेमका याच युक्तीसाठी पकडला गेला: पोरांना घरफोडीला लावायचं, मग धरायचं. या वेळी पार्लमेंटमध्ये समिती बसली. बक्षिसाच्या आशेने पोरसवदा चोराला लहानसहान चोऱ्यांत सोडून दिलं जातं, चाळीस पौंडांच्या लायकीचा झाला की धरतात, अशा साक्षी तिच्यासमोर झाल्या. त्याला चोरांच्या भाषेत 'चाळीसचं वजन भरणं' असा शब्द होता. चाळीस पौंडांचं कायमचं बक्षीस १८१८ मध्ये रद्द झालं आणि त्या जागी न्यायालय ठरवील तेवढा खर्च द्यायची पद्धत आली. लंडनला पगारी पोलीस मिळायला अजून अकरा वर्षं होती.